जाड तंगुसाच्या गाठी: निवड, बांधणी आणि तपासणी

गोदावरीच्या डोहात किंवा नाथसागराच्या काठावर गळाला लागलेला मोठा मासा सुटला, की दोष बहुधा तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, दिला जातो आणि पुढच्या खेपेला त्याहून जाड तंगूस विकत आणला जातो. परंतु परत आलेले टोक उजेडात धरून पाहिले, तर तंगूस मधूनच तुटल्याचे क्वचित आढळते. बहुतेक वेळा तो गाठीत तुटलेला असतो किंवा गाठच सरकून सुटलेली असते. जाड तंगुसाची गाठ ही बारीक तंगुसाच्या गाठीची मोठी आवृत्ती नव्हे. तिची निवड वेगळी, वेढ्यांची संख्या वेगळी आणि आवळण्याची पद्धतही वेगळी असते. बारीक तंगुसावर वर्षानुवर्षे चोख काम दिलेली गाठ जाड तंगुसावर दगा देते, याचे कारण या फरकात आहे.

या लेखात जाड तंगूस म्हणजे साधारण 0.50 मिलिमीटरपासून 1 मिलिमीटरपर्यंतचा एकतारी नायलॉनचा तंगूस, ज्याला दुकानात मोनोफिलामेंट किंवा नुसते मोनो म्हणतात, असे धरले आहे. मराठवाड्यात त्याची गरज निव्वळ माशाच्या वजनामुळे पडत नाही. जायकवाडी, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी या जलाशयांच्या तळाशी काळ्या खडकाच्या धारदार कडा, बुडालेल्या बाभळींची खोडे आणि जुन्या बांधकामांचे दगड असतात, आणि त्यांवर घासून बारीक तंगूस पाहता पाहता कातरला जातो. शिवडा या माशाच्या जबड्यात बारीक दातांच्या पट्ट्या असतात आणि त्या तंगुसाला कानशीसारख्या घासतात. मरळ गळाला लागताच पाणवनस्पतींच्या गुंत्यात शिरते, तेथून तिला ओढून काढावे लागते. मोठा कटला लांब धावतो आणि त्याचे वजन तंगुसावर बराच वेळ राहते. या प्रत्येक प्रसंगी गळाजवळचा हातभर-दोन हात तंगूस जाड असणे उपयोगाचे ठरते, मग रिळावरचा मुख्य दोर बारीक असला तरी चालतो.

जाडी खात्रीने माहीत असल्याशिवाय गाठ ठरवू नये. गावच्या बाजारात तंगूस पुष्कळदा सुटा मिळतो आणि त्यावर काहीच छापलेले नसते. अशा वेळी पेन्सिलीवर त्याचे एकमेकांना चिकटून वीस वेढे घ्यावेत, त्या पट्ट्याची रुंदी मोजपट्टीने मोजावी आणि तिला विसाने भागावे. रुंदी 14 मिलिमीटर भरली, तर तंगूस 0.70 मिलिमीटर जाडीचा आहे. चांगल्या प्रतीचा 0.50 मिलिमीटरचा तंगूस ढोबळमानाने 12 ते 15 किलो, 0.70 मिलिमीटरचा 22 ते 27 किलो आणि 1 मिलिमीटरचा 40 ते 50 किलो ताण सहन करतो. ओला झाल्यावर नायलॉन पाणी शोषतो आणि त्याची ताकद थोडी घटते, म्हणून वेष्टणावरच्या आकड्याला कमाल मर्यादा समजावे.

जाड तंगुसात गाठ का फसते

तंगुसाची जाडी दुप्पट केली, की त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि ताकदही साधारण त्याच प्रमाणात वाढते. मात्र वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 0.40 मिलिमीटरच्या तंगुसापेक्षा 0.80 मिलिमीटरचा तंगूस चौपट मजबूत असला, तरी सोळापट ताठ असतो. गाठ म्हणजे शेवटी वाकवलेला तंगूसच. तो ताठ असल्यामुळे वेढे एकमेकांवर नीट झोपत नाहीत, त्यांच्यात फटी राहतात आणि गाठ बाहेरून घट्ट दिसत असूनही आतून बसलेली नसते.

दुसरे कारण आपल्या हाताच्या ताकदीत आहे. उघड्या हाताने ओढून गाठीवर दहा-बारा किलोंपेक्षा अधिक ताण देणे अवघड असते. पाच-सात किलोंच्या तंगुसासाठी तेवढा ताण पुरेसा असतो, पण तीस किलोंच्या तंगुसात अशी गाठ अर्धवटच आवळली जाते. उरलेले आवळणे पुढे मासा करतो. तो एका हिसक्यात ओढतो, तेव्हा वेढे झटकन सरकतात, एकमेकांवर घासून तापतात आणि नायलॉन उष्णतेने मऊ पडणारा पदार्थ असल्याने नेमक्या त्याच ठिकाणी कमजोर होतो. म्हणून जाड तंगुसासाठी गाठ निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की मासा लागण्याआधी ही गाठ आपल्याला पूर्ण बसवता येते का. कागदावर कितीही ताकदवान असलेली गाठ अर्धवट बसली, तर तिचा उपयोग नाही.

वेढे वाढवण्याचा मोह टाळण्याचे कारणही हेच आहे. बारीक, गुळगुळीत तंगुसाला धरून ठेवण्यासाठी पाच-सहा वेढे लागतात. जाड तंगुसात तितके वेढे घातले, तर घर्षण इतके वाढते की गाठ आवळलीच जात नाही. तंगूस तंगुसाभोवतीच वेढला जातो अशा गाठींसाठी साधा हिशेब असा ठेवावा: 0.50 मिलिमीटरला चार वेढे, 0.60 ते 0.80 मिलिमीटरला तीन, आणि त्यापुढे गाठीच्या प्रकारानुसार दोन किंवा तीन.

बांधण्यापूर्वीची तयारी

बारीक तोंडाची एक पकड, एक कटर किंवा मजबूत नेलकटर, जाड कापडाचे हातमोजे आणि पाण्याचे भांडे जवळ असावे. गळ अडकवण्यासाठी लाकडी फळीत ठोकलेला एक गुळगुळीत खिळा असल्यास काम फार सोपे होते. तंगूस रिळावर राहून वेटोळ्याचा आकार धरून बसतो, म्हणून हवा तेवढा तुकडा कापून पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा आणि मग दोन्ही टोकांनी ताणून सरळ करावा. कोमट पाण्याने नायलॉन लवचिक होतो आणि ताठ तंगुसाचे वेढे पुष्कळच आज्ञाधारकपणे बसतात. तंगूस जितका जाड, तितका या तयारीचा फायदा अधिक.

त्यानंतर शेवटच्या हातभर लांबीवरून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तंगूस फिरवावा. खरखरीतपणा, चपटा भाग किंवा पांढरट डाग जाणवला, तर तेवढा भाग कापून टाकावा. गळाचे नेढेही पाहावे. तार वळवून केलेल्या नेढ्यात तारेचे टोक दांडीला, म्हणजे गळाच्या सरळ भागाला, पूर्ण टेकलेले नसेल, तर त्या फटीची धार तंगुसाला कापते. बोटाला ती कळत नसेल, तर तंगुसाचा एक टाकाऊ तुकडा नेढ्यातून दोन-चार वेळा घासून ओढावा. त्यावर ओरखडा उठला, तर तो गळ जाड तंगुसासाठी वापरू नये किंवा बारीक कानशीने त्याची धार मोडावी.

गळासाठी: दांडीवरची गाठ

जाड तंगुसाला गळ बांधण्यासाठी एकच गाठ शिकायची असेल, तर ती दांडीवरची गाठ शिकावी, जिला बाजारात स्नेल म्हणतात. इतर गाठींमध्ये तंगूस स्वतःभोवतीच वेढला जातो, त्यामुळे ताठ तंगूस ताठ तंगुसाला दाबतो. या गाठीत तो पोलादी दांडीभोवती वेढला जातो. दांडी दबत नाही, तंगुसाला फार तीव्र वळण घ्यावे लागत नाही आणि वेढे शेजारी शेजारी सहज बसतात. नेढे नसलेल्या, चपट्या डोक्याच्या गळांना तर हीच गाठ लागते.

नेढ्याच्या गळासाठी बांधणी अशी करावी. गळ डाव्या हातात असा धरावा, की नेढे उजवीकडे, वळण डावीकडे आणि अणकुचीदार टोकाची बाजू खाली राहील. तंगुसाचे टोक नेढ्यातून घालताना ते गळाच्या टोकाच्या बाजूने आत घालून पाठीच्या बाजूने बाहेर काढावे. ही दिशा महत्त्वाची आहे. अशा गळाला ओढ बसली, की तो किंचित फिरतो आणि त्याचे टोक बाहेर उघडून माशाच्या जबड्यात शिरते. उलट दिशेने घातल्यास ते टोक आतल्या बाजूला मिटते. वीसेक सेंटिमीटर तंगूस बाहेर काढून दांडीला समांतर ठेवावा, मोकळे टोक मागे वळवून नेढ्याकडे आणावे आणि दांडीखाली एक मोठा फास तयार करावा. दांडी, तिच्यावर झोपलेला तंगूस आणि फासाचे मूळ हे तिन्ही डाव्या चिमटीत घट्ट धरावेत.

आता मोकळे टोक दांडी व तिच्यावरचा तंगूस यांच्याभोवती, फासाच्या आतून, चार ते पाच वेळा फिरवावे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे आणि एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. चढलेला वेढा ताणाखाली खालच्या वेढ्याला चिरतो, आणि जाड तंगुसात तो नंतर सरळ करता येत नाही. तसे झाल्यास पूर्ण उलगडून पुन्हा सुरुवात करावी. वेढे झाले, की सगळे पाण्याने ओले करून मोकळे टोक सावकाश ओढावे, म्हणजे फास मिटत जातो. वेढे दांडीवर बसले, की त्यांना नखाने नेढ्याजवळ सरकवावे, मात्र प्रत्यक्ष नेढ्यावर चढू देऊ नये. मग गळाचे वळण खिळ्यात अडकवून, मोकळे टोक पकडीत धरून आणि मुख्य तंगूस हातमोज्यावर घेऊन दोन्ही आळीपाळीने ओढावेत. एकदा हा, एकदा तो, असे तीन-चार वेळा केल्यावर वेढ्यांमधल्या फटी नाहीशा होतात आणि मुख्य तंगूस ओढला तरी वेढे जागचे हलत नाहीत. गाठ बसल्याची खूण हीच समजावी. तीन ते चार मिलिमीटर टोक राखून उरलेले कापावे. जाड तंगुसाचे टोक अगदी गाठीलगत कापणे चुकीचे आहे, कारण पहिल्या मोठ्या ओढीत गाठ थोडी तरी सरकतेच.

चपट्या डोक्याच्या गळाला हीच कृती लागू पडते, फक्त तंगूस नेढ्यातून न जाता टोकाच्या बाजूने दांडीला लागून झोपतो. आवळून झाल्यावर मुख्य तंगूस चपट्या डोक्याच्या आतल्या, म्हणजे टोकाकडच्या बाजूनेच निघतो आहे ना, हे पाहावे. तो मागच्या बाजूला घसरला, तर डोक्याच्या कडेवर घासत राहतो.

स्विव्हल आणि कडीसाठी: युनी

ज्या वस्तूला दांडी नाही, म्हणजे स्विव्हल (दोन्ही टोकांना कडी असलेली, गरगर फिरणारी जोडकडी), कडी किंवा नेढ्याचे शिसे (दोराला लावायचे वजन), तिच्यासाठी युनी ही गाठ सर्वांत भरवशाची वाटते. तंगूस कडीतून घालून तीसेक सेंटिमीटर मागे घ्यावा, म्हणजे मुख्य तंगूस आणि मोकळा भाग शेजारी शेजारी समांतर राहतात. मोकळे टोक कडीच्या दिशेने परत वळवून या दोन धाग्यांवर एक फास करावा. मग ते टोक दोन्ही धाग्यांभोवती, फासाच्या आतून, तीन वेळा फिरवावे. ओले करून आधी फक्त मोकळे टोक ओढावे, म्हणजे वेढे गोळा होतात. त्यानंतर मुख्य तंगूस ओढून गाठ कडीपर्यंत सरकवावी आणि शेवटी मोकळे टोक पुन्हा एकदा पकडीने घट्ट ओढावे. हा शेवटचा ओढा बहुतेक जण विसरतात, आणि जाड तंगुसात नेमका तोच गाठ टिकवतो.

बाजारात सर्वत्र सांगितली जाणारी सुधारित क्लिंच गाठ 0.45 मिलिमीटरच्या आतल्या तंगुसाला उत्तम आहे, पण त्यापुढे तिचे वेढे पिळाच्या स्वरूपात अडकतात आणि खालपर्यंत उतरत नाहीत. पालोमर गाठीची ताकद निर्विवाद आहे. मात्र तिच्यात दुहेरी तंगूस नेढ्यातून जावा लागतो, आणि 0.80 मिलिमीटरचा दुहेरी तंगूस बहुतेक गळांच्या नेढ्यात मावतच नाही. नेढे मोठे असेल आणि तंगूस 0.60 मिलिमीटरच्या आत असेल, तरच तिचा विचार करावा.

हलत्या आमिषासाठी न सरकणारा फास

चमचा किंवा लाकडी मासा अशा कृत्रिम आमिषाला जाड तंगूस घट्ट आवळला, तर ताठपणामुळे आमिषाची हालचाल मरते. तेथे मोकळा फास हवा. टोकापासून वीसेक सेंटिमीटरवर तंगुसाला एक साधी गाठ सैल मारावी. टोक आमिषाच्या कडीतून घालून परत आणावे आणि साध्या गाठीतून ते ज्या बाजूने बाहेर आले होते, त्याच बाजूने आत घालावे. मुख्य तंगुसाभोवती 0.70 मिलिमीटरला तीन किंवा 1 मिलिमीटरला दोन वेढे घेऊन टोक पुन्हा त्याच साध्या गाठीतून परत आणावे. ओले करून आधी मोकळे टोक हलके ओढावे आणि मग मुख्य तंगूस व फास विरुद्ध दिशांना ओढावेत. फास किती मोठा राहील, हे साधी गाठ कडीपासून किती अंतरावर ठेवली यावर ठरते. एक-दीड सेंटिमीटर पुरेसे आहे.

दोन तंगूस जोडताना

मुख्य दोराला गळाजवळचा जाड तुकडा जोडण्याची सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे मध्ये एक स्विव्हल ठेवून दोन्ही बाजूंना युनी बांधणे. हाताने दोर टाकणाऱ्यांसाठी आणि तळावर शिसे ठेवून बसणाऱ्यांसाठी यापेक्षा वेगळे काही शिकण्याची गरज नाही. काठीच्या कड्यांमधून जोड जावा लागत असेल, तर दोन्ही टोके समोरासमोर ठेवून प्रत्येकाची दुसऱ्याभोवती युनी बांधावी. जाड बाजूला तीन वेढे, बारीक बाजूला पाच. विणलेला दोर असेल, तर त्याच्या बाजूला सात-आठ वेढे घ्यावेत, कारण तो फार गुळगुळीत असतो.

दोन्ही तंगूस जाड असतील आणि गळाकडचा तुकडा आखूड असेल, तर सर्जन गाठ लवकर होते. दोन्ही टोके पाव मीटर एकमेकांवर ठेवावीत, जोडधाग्याचा एक मोठा फास करून त्यातून आखूड तुकडा पूर्णपणे आणि दुसऱ्याचे मोकळे टोक बरोबरीने दोनदा काढावे, ओले करून चारही टोके एकाच वेळी ओढावीत. चारांपैकी एक जरी टोक सैल राहिले, तरी ताण एकाच धाग्यावर येतो. दोन जाड तंगुसांसाठी ब्लड गाठीच्या वाट्याला जाऊ नये. ती दिसते फार सुबक, पण ताठ तंगुसात हाताने आवळली जात नाही.

वजनकाट्यावर तपासणी

मराठवाड्यातल्या शेतकरी घरांत कापूस वेचणीच्या दिवसांत वापरला जाणारा लटकता स्प्रिंगकाटा सापडतो. गाठ तपासायला तो फार उपयोगी पडतो. काट्याचे वरचे टोक आढ्याला किंवा मजबूत फांदीला बांधावे, खालच्या आकड्यात गळ अडकवावा आणि तंगुसाचे दुसरे टोक जाड लाकडी दांडक्यावर पाच-सहा वेढे गुंडाळून दांडक्याने सावकाश खाली ओढावे. तंगूस उघड्या हाताला कधीही गुंडाळू नये, तो मांसात रुततो. तुटल्यावर गळ वेगाने उडू शकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि चेहरा ओढीच्या रेषेत नसावा. कोणत्या आकड्यावर गाठ हलू लागली आणि कोणत्या आकड्यावर तुटली, हे पाहावे. नीट बांधलेली गाठ तंगुसाच्या ताकदीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग टिकवते. वाऱ्याने किंवा गुंत्याने तंगुसावर पडलेली एक साधी गाठ मात्र ती ताकद निम्म्यावर आणू शकते, म्हणून तशी गाठ दिसताच तेवढा तुकडा कापावा.

तुटलेले टोक काय घडले ते सांगते. टोक डुकराच्या शेपटीसारखे पिळलेले असेल, तर गाठ तुटलेली नाही, ती सरकून सुटली आहे. म्हणजे ती पूर्ण बसली नव्हती किंवा टोक फार आखूड कापले होते. टोक सरळ कापल्यासारखे असेल आणि तुटण्याची जागा गाठीच्या तोंडाशी असेल, तर एखादा वेढा दुसऱ्यावर चढला होता किंवा नेढ्याला धार होती. टोकाजवळ पांढरट, खडबडीत आणि थोडा वितळल्यासारखा भाग दिसला, तर गाठ कोरडी आवळली होती. टोक गाठीपासून दूर, चिरडलेले आणि तंतू सुटलेले असेल, तर दगडाने काम केले आहे आणि गाठीला दोष देण्याचे कारण नाही.

ऊन, साठवण आणि उरलेले तुकडे

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेला तंगूस तापत राहतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन ठिसूळ होतो. तंगुसाचे रीळ कापडात गुंडाळून घरात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावी. आदल्या हंगामात बांधून ठेवलेले गळ तसेच वापरू नयेत, त्यांच्या गाठी कापून नव्याने बांधाव्यात.

जलाशयावर जाण्यापूर्वी तेथील मासेमारीचे हक्क कोणाकडे आहेत, याची चौकशी करून परवानगी घ्यावी. अनेक ठिकाणी ते मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. जायकवाडीचा परिसर पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वनविभागाचे नियमही लागू होतात. कापलेल्या तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नयेत. नायलॉन कुजत नाही, आणि जाड तंगुसाचा वेटोळा पक्ष्याच्या पायात अडकला, तर तो त्याला सोडवता येत नाही. एक लहान डबी खिशात ठेवून सगळे तुकडे त्यात जमा करावेत.

पाण्यावर असताना प्रत्येक मोठ्या माशानंतर आणि गळ दगडात अडकून सुटल्यानंतर गळापासूनचा अर्धा मीटर तंगूस चिमटीतून फिरवून पाहावा. खरखर लागली, की माशाच्या घाईकडे लक्ष न देता तो भाग कापून दांडीवरची गाठ नव्याने बांधावी. हातात सवय आल्यावर त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात.